वरून नकार आला नव्हता

गौतम, तुझ्या अर्जावर वरून नकार आला असं मी तुला सांगितलं होतं. वरून काही आलं नव्हतं. तुझा अर्ज माझ्या टेबलाच्या पुढे कधी गेलाच नाही. त्याच्या खालच्या रिकाम्या चौकटीत मीच लिहिलं, ‘विक्रीत उत्तम. मार्केटिंगचा अनुभव नाही. नजर एका गिऱ्हाइकापुरती.’ खाली सही केली. मग दोन दिवस थांबून तुला केबिनमध्ये बोलावलं, चेहरा पाडला आणि म्हणालो, "मी खूप सांगून पाहिलं, पण हेड ऑफिस ऐकत नाही."

"जाऊ द्या जी," तू म्हणालास. "तुमी सांगतलं, येवढं पुरे." आणि बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा पाठवलास.

तो चहा मी प्यायलो.

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. शोरूममध्ये तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. एखादं गिऱ्हाईक चुकून तिकडे वळलं तर कुणीतरी उठून त्याला दुसरी खुर्ची देतं. मी केबिनच्या काचेतून हे बघत राहतो. याला दुःख म्हणायचा तेवढा हक्क मला आहे असं वाटत नाही. नुसता थकवा आहे, एक खोटं फार वर्षं सांभाळल्याचा.

आपला वाद तर राहूनच गेला. ज्यानं कधी गाडी विकली नाही त्याला गाडीचं मार्केटिंग करता येतं का? मी नांदेडला एमबीए केलं, एका पेपरच्या जाहिरात विभागात काही वर्षं काढली आणि बारा वर्षांपूर्वी थेट मार्केटिंग मॅनेजर म्हणून आदिलाबादच्या या शोरूममध्ये आलो. आयुष्यात एकही गाडी विकलेली नाही. तू तेव्हाच सहा वर्षं शोरूमच्या फरशीवर उभा होतास, आणि तलमडुगू-भीमपूरकडचं प्रत्येक घर तुला नावानं ठाऊक होतं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होतास. तरी पहिल्या दिवसापासून मी तुला ‘तू’ म्हणालो आणि तू मला ‘तुमी’. खुर्च्यांनी ते ठरवलं, आणि आपण दोघांनी ते तसंच राहू दिलं.

"मले एक सांगा साहेब," तू विचारायचास, "गिऱ्हाईक ‘बघू’ म्हनते तवा त्याचा चेहरा कसा असते, तुमी पाह्यला का?"

"चेहरा तू बघ. मला हजार लोकांचं बघायचं असतं."

"हजार लोक म्हंजे कोन? त्याइची नावं काय?"

मी चिडून म्हणायचो, स्वयंपाक न येणाऱ्यालाही भाजीत मीठ जास्त झालेलं कळतं. त्यावर तू शांतपणे म्हणालास, "कळते जी. पन कमी करता येते का?" सगळं शोरूम हसलं. मीही हसलो, आणि घरी जाईपर्यंत उत्तर शोधत राहिलो. अजून सापडलेलं नाही.

पितरातला मेळा तर तू मला शेवटपर्यंत ऐकवलास. हेड ऑफिसच्या तक्त्यात तो शनिवार-रविवार रिकामा होता, म्हणून मी भीमपूरला जुनी गाडी देऊन नवी घ्यायचा मेळा ठेवला. मंडप सांगून झाला होता, तेव्हा तू भिंतीवरचं कॅलेंडरच काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलंस.

"साहेब, पितरं चालू हायेत. याच्यात कोनी गाडी घेत नाही."

"तू कधीपासून पितरं मानायला लागलास?"

"मी कुठी मानतो? गाडी घेनारा मानते."

मी स्वतः त्याच भीमपुरातला. घरी दरवर्षी वडिलांचं पान ठेवतो, कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभा राहतो. त्या पंधरवड्यात आमच्या घरात नवा टॉवेलसुद्धा कुणी आणत नाही. पण टेबलाशी बसलं की ते आठवत नाही. रिकामी चौकट दिसली, मी भरली. गर्दी झाली. लोकांनी भजी खाल्ली, गाडीत बसून फोटो काढले आणि "घट बसू द्या, मंग पाहू" म्हणत घरी गेले. एकही बुकिंग झालं नाही. नवरात्रात तू त्याच लोकांच्या घरी एकेक करून गेलास, गाड्या दिल्यास, आणि रिपोर्टात त्या सगळ्यांना ‘मेळ्यातून आलेले’ असं लिहू दिलंस. "तुमचा मंडप वाया नको जावा," म्हणालास. तो सल्ला आणि ती मेहेरबानी, दोन्हींचे आभार मानायचे राहिले.

तुझ्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी मी एकदाच आलो. सात वर्षं झाली त्याला. तलमडुगूच्या पुढचं गाव, कापसाची वेचणी उरकलेली, अंगणात ज्वारीचा कडबा रचलेला. तीन भाऊ मिळून गाडी घेणार होते आणि तिघेही मला ॲव्हरेज विचारत होते. मी मोठ्या उत्साहानं माहितीपत्रक उघडून उत्तरं देत होतो. तू मात्र ओसरीवर बसलेल्या त्यांच्या आईकडे गेलास. डिकीतून तुझा तो लाकडी पाट काढलास, पुढच्या दाराखाली ठेवलास आणि हात पुढे केलास.

"माय, उजवा गुडघा दुखते ना? मंग डावा पाय आधी ठेवा. हं, आता बसा."

म्हातारी पुढच्या सीटवर बसली. आपण गावाला एक चक्कर मारून आलो तरी उतरेना. काचेतून समोर बघत म्हणाली, "मले आजवर कोनी पुढं बसवलं नवतं बाप्पा. बंडीत मांगं, ट्रॅक्टरात मांगं, बसमंदी बी मांगंच."

परत येताना तू म्हणालास, "साहेब, गाडी त्या तिघाइले नाही विकली. मायले पुढं बसवलं, तितंच विकली. तुमाले बोर्डावर काही लिहाचं असन ना, तं येवढंच लिहा. मायले पुढं बसवा."

मी ‘मायले’चं ‘आईला’ केलं. आईला पुढे बसवा. त्या वाक्यात माझं मार्केटिंग तेवढंच.

महिन्याभरात मालक निजामाबादहून आले. मी होर्डिंगचा नमुना टेबलावर पसरला. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून अर्थ सांगितला. त्यांची आई त्याच वर्षी गेली होती. त्यांनी नमुना जवळ ओढला. मग विचारलं, "ये लाइन किसकी है?"

"मेरी, सर."

तू दाराशी उभा होतास, कुणाच्या तरी नव्या गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन. तू ते ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. सात वर्षं मी तोच एक क्षण उलटून पालटून बघतोय. कधी वाटतं ऐकलंस, कारण किल्ल्या वाजायच्या थांबल्या होत्या. कधी वाटतं, तसं मला वाटतंय, एवढंच. पुढच्या महिन्यात मालकांनी त्यांच्या चारही शोरूमचं मार्केटिंग माझ्याकडे दिलं. पेढे तूच वाटलेस.

होर्डिंग लागलं तलमडुगूच्या फाट्यावर, तुझ्या रोजच्या घरच्या वाटेवर. लागलं त्या दिवशी मी तुला ते बघायला घेऊन गेलो. का नेलं, नीट सांगता येत नाही. बहुतेक तू काहीतरी बोलावंस असं वाटत होतं. ‘साहेब, हे तर माह्यं हाय’ एवढं म्हणाला असतास तर मी तिथंच मोकळा झालो असतो. तू मोटारसायकलवर बसूनच मान वर करून फोटो पाहिलास. हैदराबादच्या स्टुडिओतली बाई, पांढरे केस, काठाची साडी, हसत गाडीत चढणारी.

"या बाईचे गुडघे दुखत नाही," तू म्हणालास.

"म्हणजे?"

"दाराले हात नाही लावला तिनं. दुखत असन तं बाई आधी दार धरते. बाकी बेस हाय." आणि किक मारलीस.

दोन वर्षांनी माझ्या आईला नागपूरला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तू सुट्टी टाकून गाडी चालवायला आलास. मी सवयीनं मागचं दार उघडलं, आईला मागे बसवलं आणि पुढे बसायला वळलो. तू इंजिन बंद केलंस. उतरलास. डिकीतून पाट काढलास.

"माय, तुमी इकडं या. इकडून रस्ता दिसते."

तू तिला पुढे बसवलंस आणि मी मागे जाऊन बसलो. माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस. ते वाक्य फाट्यावर दोन वर्षं टांगलेलं होतं आणि माझ्या नावावर होतं. नागपूर येईपर्यंत तुम्ही दोघं बोलत होतात, कापसाच्या वाणापासून तिच्या माहेरच्या विहिरीपर्यंत. मी मागे बसून ऐकत होतो. संध्याकाळी घरी आल्यावर आई म्हणाली, "हा मानूस तुह्या हापिसात मोठा असन." मी हो म्हणालो. तुझ्याबद्दल त्या काळात मी बोललेलं तेवढं एक खरं.

तेव्हा तरी सांगायचं होतं. सांगितलं नाही. आई गेली, तिच्या तेराव्याला तू सकाळपासून पंगतीत वाढत होतास, तेव्हाही नाही.

मग तीन वर्षांपूर्वी मार्केटिंगमध्ये ती जागा निघाली. तुझे स्वतःचे गुडघे एव्हाना गेले होते. फरशीवर दिवसभर उभं राहणं होत नव्हतं, उन्हात गावं फिरणं त्याहून नाही. तू अर्ज दिलास आणि त्याला एक कागद जोडलास, पुढच्या हंगामाचा प्लॅन म्हणून. त्यात तक्ता नाही, आकडे नाहीत. गावांची नावं, आणि प्रत्येक गावापुढे एक माणूस. इथं शिंप्याशी बोलायचं, तिथं शाळेतल्या बाईंशी, कारण घरात गाडी घ्यायचं बोलणं निघालं की ते आधी त्यांच्या कानावर येतं. मी हसलो होतो. "अरे, ही यादी आहे. याला प्लॅन म्हणत नाहीत." परवा तो कागद काढून पुन्हा वाचला. आता आम्ही एका एजन्सीकडून जे करून घेतो ते याहून वेगळं नाही, फक्त रंगीत असतं.

‘नजर एका गिऱ्हाइकापुरती.’ हे लिहिताना मला ते खरं वाटत होतं का? थोडं वाटत होतं. थोडं अजूनही वाटतं. रेडिओवरची जाहिरात म्हणजे पैसे पाण्यात, असं तू कायम म्हणायचास. बोर्ड बघून आत आलेला माणूसही तुझ्या लेखी तू कधीतरी पाजलेल्या चहामुळेच आलेला असायचा. तिथं तू चुकत होतास, आणि तू गेलास म्हणून मी ते सोडणार नाही. पण मी ते लिहिलं त्याचं कारण हे नव्हतं. तू माझ्या खोलीत बसायला आला असतास तर महिन्याभरात सगळ्यांना कळलं असतं की त्या खोलीतल्या चांगल्या गोष्टी इतकी वर्षं कुठून येत होत्या. मी घाबरलो. ती जागा हैदराबादच्या एका मुलाला दिली. तो आठ महिन्यांत दुसरीकडे गेला. तू त्यानंतर तीन उन्हाळे उभा राहिलास.

दोन महिन्यांपूर्वी तू आणखी एक अर्ज घेऊन आलास, तुझ्या मुलीचा.

"साहेब, प्रज्ञाचं एमबीए झालं. तिले थेट मार्केटिंगमंदी घ्या. फरशीवर नका उभं करू."

इतक्या वर्षांनी मला तुला पकडायची संधी मिळाली होती. मी ती सोडली नाही. "का रे? गाडी विकल्याशिवाय जाहिरात लिहू नये ना? स्वतःच्या मुलीवर आलं तर नियम बदलला?"

तू हसला नाहीस. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होतास. "विकाले तं पायजेच. मी आजबी तेच म्हन्तो. पन साहेब, फरशीवर जो उभा राह्यला त्याले वरतं कोनी घेत नाही. एक डाव मानूस तिथं दिसला का तो तिथलाच होते. मी पाह्यलं ना."

मी म्हणालो, "बघू."

गिऱ्हाईक ‘बघू’ म्हणतं तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो, ते तुला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तू उठलास आणि दार हळू लावून घेतलंस. तो अर्ज माझ्या खणात असतानाच तू गेलास.

गेल्या आठवड्यात तुझ्या घरी आलो तेव्हा प्रज्ञानं तुझ्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. तू वही ठेवतोस हे मला माहीत होतं. आत काय असतं, ते कधी विचारलं नव्हतं. गाडी दाखवली त्या प्रत्येक दिवशी कोण कुठं बसलं, ते. ‘मोठी सून पुढं. आरसा पाह्यला. बोलली नाही.’ ‘सासरा मांगं. खिडकी जड हाय म्हने.’ मी घाईघाईनं जुनी पानं उलटत होतो. खरं सांगू का, मी माझ्याबद्दल लिहिलेलं काहीतरी वाईट शोधत होतो. ते सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. होर्डिंग लागलं त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांची नावं आहेत. मी तुला नकार सांगितला त्या दिवशी, ‘आज कोनी आलं नाही.’ आणि त्या म्हातारीच्या पानावर, ‘माय पुढं. उजवा गुडघा. लय खूश. साहेब संगं होते. साहेब मांगं बसले. आयकून राह्यले.’

तुझ्या वहीत मी ऐकून घेणारा माणूस आहे, गौतम. तेवढंच नोंदवलंस.

प्रज्ञा समोर बसली होती. म्हणाली, "काका, बाबा मला सांगायचे, आधी गाडी विकायला शिक. आणि तुमच्याकडे आले ते थेट मार्केटिंग मागायला. मग खरं काय? विकल्याशिवाय होतच नाही का?"

"होतं," मी म्हणालो. "मी बारा वर्षं केलं. पण मग विकणाऱ्याचं ऐकावं लागतं, आणि कुणाचं ऐकलं ते सांगावं लागतं. मी पहिलं केलं. दुसरं केलं नाही."

तिला ते कळलं नाही. कळेल असं मी बोललोही नव्हतो. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज खणातून काढला आणि शिफारस लिहून मालकांकडे पाठवला. पद मार्केटिंगचं, टेबल मार्केटिंगचं, आणि पहिले सहा महिने गिऱ्हाइकांच्या घरी जायचं. तुला हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. भांडायला तू नाहीस.

आणि एक. त्याच दिवशी भीमपूरकडचं एक कुटुंब आलं, बरोबर म्हातारी आजी. मी केबिनमधून बाहेर आलो आणि डेमो गाडीच्या डिकीतून तुझा पाट काढला. दाराच्या फार जवळ ठेवला असणार. आजी म्हणाल्या, "सरका बाजूले, पाडान मले." मग त्यांनीच तो पायानं सरकवला, दार धरलं आणि बसल्या. दार धरलं, ते मी बघितलं.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझ्या गावात, विहारापुढच्या मंडपात. मालकही निजामाबादहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग एकेक जण पुढे येऊन तुझ्या फोटोजवळ मेणबत्ती लावत होता आणि दोन शब्द बोलत होता. त्या तीन भावांतला थोरला आला होता. एवढंच म्हणाला, "आमच्या मायले या भावानं पुढं बसवलं होतं. ती जाईपर्यंत तिथंच बसली."

मग माझं नाव घेतलं. मी लिहून आणलं होतं, मेहनती, मनमिळाऊ, कंपनीचा आधार. कागद खिशातच राहिला. मेणबत्ती लावायला तीन काड्या लागल्या.

मालकांना कळावं म्हणून आधी हिंदीत बोललो. "सर, वो लाइन मेरी नहीं थी. गौतम की थी. और उसका फॉर्म ऊपर गया ही नहीं, मैंने रोका था." मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्या फोटोकडे, आणि नजर खाली वळवली. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. प्रज्ञा आईचा हात धरून उभी राहिली होती.

मग मी तुझ्याकडे वळलो आणि आईशी बोलायचो त्या बोलीत बोललो.

"गौतमभाऊ, वरून नकार आला नवता. मीच देल्ला होता. तुमचं वाक्य मी माह्यं म्हनून सांगतलं. तुमी मांगं राह्यले ते माह्यापायी. चुकलं माह्यं. माफ करा."